स्टेज वन, ७४,५०० रुपये आणि ट्रिप मीटरवरचे ३.२ किलोमीटर

गाडीला रीमॅप करायला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली (ईसीयूमधली) फाइल बदलून ताकद वाढवून घ्यायला गेलो आणि गॅरेजवाल्याने फसवलं. आकडा आधीच सांगतो, म्हणजे "नक्की किती गेले?" हा प्रश्न राहायला नको. ७४,५०० रुपये. त्यातले ४०,००० यूपीआयने, ३४,५०० रोख. आणि हे फक्त मी माझ्या हाताने दिलेले. गाडीतून जे काढून नेलं त्याचा हिशेब वेगळा आहे.

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही लिहिलं तर तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला गाडीतलं काही कळत नसणार. कळतं हो. सोळा वर्षं पंप आणि कॉम्प्रेसर यांच्यातच गेली.

गाडी पोलो, २०२१ ची, एक लिटर टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर, सहा गिअर. २०२२ मध्ये पोलो बंद झाली, तेव्हापासून तर तिला तळहातावरच्या फोडासारखी जपतो. राहायला घोडबंदर रोडला, ऑफिस महापेला. कापूरबावडीला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घासत जायचं, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं असेल तर देवाचं नाव घ्यायचं, आणि मग ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिघ्याच्या पुढे कधीतरी दोन मिनिटं मोकळा रस्ता मिळतो. रोजच्या गाडीला रीमॅप कशाला, असं आमच्या घरीही विचारलं गेलं. उत्तर सोपं आहे. १,७५० आरपीएमच्या खाली ही गाडी झोपलेली असते, आणि आपलं अख्खं ठाणे १,७५० च्या खालीच चालतं. मला काही रेस लावायची नव्हती. स्प्रिंगा कापून गाडी जमिनीला टेकवणाऱ्यांतला मी नाही. टायर २०५/५५ आर१६ केले, ब्रेक पॅड चांगले टाकले, एवढंच. थोडा खालचा टॉर्क, म्हणजे कमी आरपीएमला इंजिनाची ओढ, हवा होता, बस.

गॅरेज तुर्भे एमआयडीसीतलं. ऑफिसातल्या दोघांनी तिथे काम करून घेतलं होतं आणि दोघेही खूश होते. म्हणजे मी डोळे मिटून गेलो नव्हतो. मालक बोलायला गोड, लॅपटॉप उघडून बसलेला, दर वाक्याला "सर". त्याने भाव सांगितला तो असा: रीमॅप ३४,०००, ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलसाठी वेगळा मॅप ३,०००, हाय-फ्लो डाउनपाइप (टर्बोमागून धूर बाहेर नेणारा मोकळा पाइप) २६,५००, इनटेक (इंजिनात हवा घेणारा भाग) ८,५००, डायनो (चाकं फिरवून ताकद मोजायचं यंत्र) २,५००. स्टेज वनला, म्हणजे नुसती फाइल बदलायच्या पहिल्या पायरीला, डाउनपाइप लागत नाही हे मला माहीत होतं. मी तसं म्हणालोही. तो हसून म्हणाला, "सर, इंजिनियर आहात, तुम्हाला काय सांगायचं. श्वास मोकळा नसेल तर मॅपचा काय उपयोग?" माझंच शास्त्र माझ्याच गळ्यात घातलं आणि मी मान डोलावली. फाइल परदेशातून येते, तुमच्या ईसीयूच्या नंबरला लॉक होते, म्हणून ४०,००० आगाऊ. उरलेले काम झाल्यावर रोख दिले तर जीएसटी वाचेल. दिले. पावती आजही माझ्याकडे नाही. रोख घेऊन जीएसटी वाचवून देणारा माणूस तुमचा जीएसटी वाचवत नसतो, स्वतःची मान वाचवत असतो.

शनिवार ठरला. टाकी ९५ ऑक्टेनने फुल करून आणा, म्हणाला. मी सानपाड्याच्या बाजूच्या पंपावर टाकी भरली आणि सवयीप्रमाणे ट्रिप मीटर शून्य केलं. मायलेज लिहून ठेवायची माझी सवय आमच्या घरात चेष्टेचा विषय आहे. पंपापासून गॅरेजपर्यंत १.१ किलोमीटर.

गाडी लिफ्टवर चढली. टर्बोला लागून असलेला पाइप, त्यातल्या कॅटसकट (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट), माझ्यासमोर उतरवला. पोऱ्याने तो गोणपाटात गुंडाळला. मालकाने विचारलं, "जुना नेणार का सर? जड आहे, डिकी काळी होईल. आमच्याकडे भंगारवाला येतोच." मी म्हणालो, राहू दे. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असलेली वस्तू मी "राहू दे" म्हणून सोडून दिली, आणि वर ती काढायची मजुरीही मीच दिली. गाडीतून काढलेला एकूण एक भाग, अगदी बोल्टसुद्धा, घरी न्या. डिकी काळी होऊ दे.

नंतर गाडी डायनोला जाणार होती. डायनो तळोज्याला, ओळखीच्या माणसाकडे, तिथे बाहेरच्यांना सोडत नाहीत. मी जेवून आलो, टपरीवर तीन कटिंग प्यायलो. साडेचारला गाडी आली, हातात रंगीत आलेख दिला: १३८ बीएचपी, २३२ न्यूटन मीटर. मी गाडीत बसलो, चावी फिरवली आणि समोर ट्रिप मीटर दिसलं. ४.३.

यातून १.१ वजा करा. ३.२. तुर्भ्याहून तळोजा येऊन-जाऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर तरी होतात, आणि डायनोवर चाकं फिरतात ती वेगळीच. माझी गाडी ३.२ किलोमीटर गेली होती. तिथल्या तिथे, एमआयडीसीत दोन वळणं मारून परत.

मी तो आकडा पाहिला. नीट पाहिला. डोक्यात वजाबाकीही झाली. आणि मग माझ्याच डोक्याने त्याची वकिली सुरू केली: टोइंगच्या गाडीवर चढवून नेली असेल, मीटर रिसेट झालं असेल. तेवढ्यात मी ॲक्सिलरेटरला पाय लावला आणि गाडीने अशी उडी मारली की ३.२ विसरलो. त्या क्षणी खाली उतरून "तळोजा कुठल्या रस्त्याने गेलात?" एवढं विचारलं असतं तर निदान रोखीचे ३४,५०० खिशात राहिले असते. ते अजून दिले नव्हते. मी उतरलो ते पैसे मोजून द्यायला. हात मिळवला. थँक यूसुद्धा म्हणालो.

पुढचे अठरा-एकोणीस दिवस मी ऑफिसात सगळ्यांना राउंड मारून आणली. मग वास यायला लागला. ऐरोलीच्या सिग्नलला काच खाली केली की कुजक्या, कच्च्या पेट्रोलचा वास. बायको म्हणाली, रिक्षाच्या मागे बसल्यासारखं वाटतंय. मी म्हणालो, पुढे रिक्षाच आहे. पुढे बस होती. मग चेक इंजिनचा दिवा लागला, कोड पी०४२०, म्हणजे कॅट आपलं काम करत नाही. त्याच आठवड्यात पीयूसी संपत होती, ती करायला गेलो तर नापास. या पिढीच्या पेट्रोल गाडीचा सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ०.३ टक्क्यांच्या आत हवा, माझा त्याच्या कितीतरी पुढे.

माजिवड्याला एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडी वर घेतली, पान्याने नव्या पाइपवरच्या कॅटच्या डब्यावर दोनदा टकटक केली आणि म्हणाले, "साहेब, हा डबा आहे. आत काही नाही." मागच्या सेन्सरखाली स्पेसर घातला होता, दिवा उशिरा लागावा म्हणून. मग ते ड्रायव्हरच्या पायाशी वाकले आणि ॲक्सिलरेटरच्या वायरमधून काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक डबी उपसून माझ्या हातात दिली. पेडल बॉक्स. तुम्ही तीस टक्के दाबा, तो ईसीयूला साठ सांगतो. पूर्ण दाबला की ताकद तेवढीच, कंपनीने दिली होती तेवढीच. ऑनलाइन ३,२०० ला मिळतो. डबी काढली आणि माझी जुनी गाडी परत आली. एका मित्राने ईसीयूची फाइल बाहेर काढून मूळ फाइलशी ताडून पाहिली. एका बाइटचाही फरक नाही. ई-२० चा वेगळा मॅप तर सोडाच.

त्या रात्री तो आलेख पुन्हा काढला. ताकद आणि टॉर्क एकाच अक्षावर, आणि दोन्ही रेषा ५,२५२ आरपीएमला एकमेकींना छेदतात. हे फक्त टॉर्क पाउंड-फुटात असेल तरच होतं. न्यूटन मीटरमध्ये आणि बीएचपीत त्या ७,१०० च्या पुढे भेटतात, तिथे माझं इंजिन पोचतच नाही. म्हणजे कुठल्या तरी परदेशी गाडीचा आलेख, खाली फक्त एकक बदललेलं. हे दुसऱ्या वर्षाला शिकलेलं गणित. मी तो कागद लॅमिनेट करून घेतला होता.

गॅरेजवर गेलो तेव्हा मालक शांत होता. म्हणाला, "सर, बिल आहे? डाउनपाइप करायला तुम्हीच सांगितलंत, व्हॉट्सॲपवर आहे. आणि कॅट काढलेली गाडी कुणाची? तुमची." इथेच सगळा धंदा आहे. असल्या माणसाला गिऱ्हाईक कसं हवं, तर ज्याच्या तक्रारीत त्याचा स्वतःचाच गुन्हा लिहावा लागेल असं.

आणि ते खरंही निघालं. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो तर हद्द आमची नाही, नवी मुंबईत जा. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, असं मी म्हणालो. समोरच्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "मग तुम्हीच लिहा ना." नवी मुंबईतल्या ठाण्यात दोन तास बसवलं. मग एकाने विचारलं, गाडी पळवली का? नाही. मग हे दिवाणी आहे. मी म्हणालो, भाग चोरलाय. "तुमच्यासमोर काढला ना? तुम्ही राहू दे म्हणालात ना?" हे मीच त्यांना सांगितलं होतं, प्रामाणिकपणे, मूर्खासारखं. तिसऱ्या फेरीत एका साहेबांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं. मग १८२ए, गाडीच्या मालकाने तिच्यात फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड. "तुमचे किती झाले? इनटेक, पाइप... मॅप तर झालाच नाही म्हणता, तो सोडून देऊ." मागचे दोघे हसले. माझे पैसे गेले, आणि वर मीच आरोपी.

१९३० ला फोन केला: तुम्ही स्वतः पाठवलेत, ही सायबर फसवणूक नाही. बँकेचं उत्तर तेच, फक्त इंग्रजीत. १९१५ ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला, काही दिवसांनी "समोरून प्रतिसाद नाही" म्हणून बंद झाली. म्हणजे उत्तर न देणं हाच त्याचा बचाव, आणि तो मान्य! परिवहन कार्यालयात गेलो की बेकायदा गॅरेजवर काही कारवाई तरी होईल, तर खिडकीवरच्या बाईंनी आधी माझी पीयूसी मागितली. ती नसेल तर १०,००० पर्यंत दंड, हे मला ऐकवलं. मी तेच तर सांगायला आलो होतो की ती का नाही. चार अर्धे दिवस रजा, कळवा पुलावरचे हेलपाटे, आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच: तुम्ही असं का केलंत?

शेवटी ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत करता येते, एवढं तरी बरं. पुरावा म्हणून यूपीआयचे ४०,००० आणि लॅमिनेट केलेला आलेख. रोखीचे ३४,५०० म्हणजे माझा शब्द. तारीख पडते, पुढे जाते. आधीची फाइल, नंतरची फाइल आणि रस्त्यावरचे डेटा लॉग जो देत नाही त्याला रीमॅपचा एक रुपया देऊ नका. डायनो दाखवतो म्हणाला तर गाडीसोबत स्वतः जा, नाही सोडत तर गाडीही नाही.

कंपनीच्या नव्या कॅटचं कोटेशन ९४,३०० आलं. कुर्ल्याला एकाने याच मॉडेलची जुनी, "एकदम ओरिजिनल" ४१,००० ला दाखवली. मी ती उलटीपालटी करून बराच वेळ पाहत बसलो. कदाचित माझीच असेल. ओळखायची कशी? निघताना मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ऑफिसातल्या त्या दोघांपैकी एकाच्या गाडीतही तीच डबी निघाली. दुसरा पायाशी हात घालूच देत नाही. म्हणतो, माझी बरी पळते.

गेल्या शनिवारी तुर्भ्याला काम होतं. मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. लिफ्टवर पांढरी पोलो, एमएच-४३, आणि टपरीवर पंचविशीतला एक मुलगा कटिंग घेऊन उभा. मी गाडी लावली, त्याला बाजूला घेतलं, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, समोरच्या दुसऱ्या गॅरेजकडे एक नजर टाकली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुमच्याकडे बिल आहे?"

मी त्याला म्हणालो, गाडी देण्याआधी ट्रिप मीटरचा फोटो काढ. तो हो म्हणाला. फोन खिशातच होता.