हरणाच्या शिकारीचा कॅम्प: सोबत जुना मित्र, अनुभवी अनोळखी, आउटफिटर की कुणीच नको?

गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या चार-पाच मराठी मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, रायफल घेतली, कोलोरॅडोच्या हरणाच्या टॅगसाठी, म्हणजे एक हरीण मारण्याच्या परवानगीच्या चिठ्ठीसाठी, अर्जही करायचा आहे; पण रस्त्यापासून लांब, डोंगरात तंबू ठोकून राहायचं तर बरोबर कुणाला न्यायचं? मी या सगळ्या प्रकारांनी जाऊन आलो आहे. काही हंगाम आनंदात गेले, एक पार वाया गेला. शिकार कशी झाली यापेक्षा सोबत कोण होतं यावरच ते ठरलं.

आधी एक हिशेब मांडतो. म्यूल डिअर या पश्चिम अमेरिकेतल्या हरणाच्या पूर्ण वाढलेल्या नराचं हाडं काढून उरलेलं मांस साधारण २५ ते ३५ किलो भरतं. कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे चारही पाय, पाठीचे पट्टे आणि आतले टेंडरलॉइन (कण्याखालचे मऊ पट्टे) उचलावेच लागतात. रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. तंबू, स्लीपिंग बॅग, शेगडी आणि खाणं मिळून कॅम्पचं सामान आणखी २० किलो. हरीण गाडीपासून पाच किलोमीटरवर पडलं आणि तुम्ही एकटे असलात, तर तीन खेपा धरा. तीन खेपा म्हणजे तीनदा भरलेली सॅक घेऊन बाहेर आणि दोनदा रिकामं आत, एकूण २५ किलोमीटर, तेही तीन हजार मीटर उंचीवर. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे. इथे तंबूच त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असतो. चाकाची गाडी न्यावी म्हटलं, तर १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या क्षेत्रात ती चालत नाही. फ्लॅट टॉप्स असो की वेमिनूच, अशा राखीव क्षेत्रांत माणसाची पाठ नाहीतर घोड्याची पाठ, एवढेच दोन मार्ग.

म्हणून सोबती निवडताना मी आता नेमबाजी विचारत नाही. रात्री नऊ वाजता, शून्याखालच्या थंडीत, हेडलॅम्प लावून हा माणूस दुसऱ्या खेपेला उठेल का, हे बघतो.

जुने मित्र, ऑफिसातली मंडळी

बहुतेकांचा पहिला विचार हाच असतो आणि तो समजण्यासारखा आहे. स्वभाव माहीत असतो, गप्पा आपल्या भाषेत होतात, पिठलं-भातावर कुणी नाक मुरडत नाही. खर्च वाटून घेताना संकोच नसतो. रात्री तंबूत मन हलकं होतं, आणि दिवसभर काहीच न दिसलेल्या हंगामात याचं मोल फार मोठं असतं.

पण मैत्री जिथे जमली तिथली परीक्षा वेगळी होती. माझा वाया गेलेला हंगाम असाच होता. आम्ही चौघे, एक गाडी. तिसऱ्या संध्याकाळी वीतभर बर्फ पडलं. दोघांना निघायचं होतं, त्यात गाडी ज्याची तो एक. भांडण झालं नाही, आम्ही सगळेच निघालो. पण बर्फानंतरची सकाळ म्हणजे हरणांच्या ताज्या मागांची सकाळ, आणि ती मी हायवेवर घालवली. त्या दोघांची चूक म्हणवत नाही. हवा फिरली तर काय करायचं, हे कुणी कुणाला आधी विचारलंच नव्हतं.

मित्रांबरोबर जायचंच असेल तर दोघे जा, फार तर तिघे, आणि गाड्या दोन न्या. सह्याद्रीत ज्याच्याबरोबर पावसाळी ट्रेक केले आहेत, रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर जो चिडचिड न करता चालला आहे, तो मित्र इथेही बहुधा टिकतो. फक्त त्याला कोलोरॅडोच्या उंचीवर दोन दिवस आधी आणा. डेन्व्हरला विमानातून उतरून त्याच रात्री ३१०० मीटरवर झोपलेल्या माणसाचं डोकं सकाळी ठणकत असतं आणि तो दिवस फुकट जातो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या मंडळींपैकी पुष्कळ जण एच-१बी सारख्या व्हिसावर असतात. अशा व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद. म्हणजे परवाना नसलेल्या मित्राच्या हातात ‘जरा धर रे’ म्हणून रायफल देणंसुद्धा त्याला महागात पडू शकतं. ग्रीन कार्ड असलेल्याला ही अट नाही. आपली स्थिती नेमकी काय, हे वकिलाला विचारून मगच पुढे जा.

अनुभवी, पण अनोळखी

माझा कौल इकडे आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

असा माणूस भेटतो कुठे? हंटर एज्युकेशनच्या वर्गात, हंगामाआधी रायफल झीरो करायला, म्हणजे तिची नेम-दुर्बीण जुळवायला, येणाऱ्यांमध्ये रेंजवर, आणि सगळ्यात चांगला श्रमदानाच्या कामावर. बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स ही २००४ साली सुरू झालेली संस्था किंवा १९८८ पासूनचं म्यूल डिअर फाउंडेशन, अशांच्या स्थानिक शाखा जुनी काटेरी तारेची कुंपणं काढण्याची कामं करतात. हरणांच्या येण्याजाण्याच्या वाटा त्याने मोकळ्या होतात. एखाद्याबरोबर दिवसभर तार गुंडाळली की तो माणूस कसा आहे हे चहाच्या दहा भेटींपेक्षा जास्त कळतं.

मला भेटलेले गृहस्थ साठीपलीकडचे, निवृत्त इलेक्ट्रिशियन. रेंजवर ओळख झाली. त्यांनी माझी रायफल कुठली ते विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की हरीण पडलं तर मांस वाहायला किती खेपा करायची तयारी आहे. मग ऑगस्टमध्ये एका रात्रीच्या मुक्कामाला घेऊन गेले. चाल संथ, पण थांबणं नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पश्चिमेला ढग जमायला लागले तसे ते कड्याच्या अर्ध्यावरून मागे फिरले. वर जायचा मोह मला होता, त्यांना नव्हता. रॉकीजमध्ये उन्हाळ्यात दुपारच्या विजा हा रोजचा धोका आहे. हा माणूस वेळेवर मागे फिरतो, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी निश्चिंत झालो.

त्या ऑक्टोबरात माझा नर दुपारी चारला एका उतारावर पडला. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते टॅगबद्दल: आधी सही, मग सुरी. लिंगाचा पुरावा मांसाला जोडलेला ठेवायचा असतो, तो कुठे आणि कसा, हे त्यांनी हात धरून दाखवलं. मांस कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगलं, कारण मांसातली ऊब गेल्याशिवाय ते भरून ठेवलं तर नासतं. गाडीपाशी शेवटची खेप टाकली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. त्यांचा स्वतःचा टॅग तसाच होता, आणि पुढचे तीन दिवस मी त्यांच्यासाठी दुर्बिणीला डोळे लावून बसलो.

यातले तोटेही खरे आहेत. अनुभवी माणसाची जागा त्याची असते. वीस वर्षं चालून शोधलेली. तुम्ही तिथे पाहुणे. ती खूण नकाशाच्या ॲपवरून कुणाला पाठवायची नाही, पुढच्या वर्षी त्याला न विचारता तिथे जायचं नाही. तारखा आणि खाणं त्याच्या सोयीचं. बोलणं कमी. आणि वाईट माणूसही भेटू शकतो. एकाला मी पहिल्याच भेटीनंतर नाही म्हटलं, कारण त्याने गाडीत ठेवलेल्या रायफलच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, गोळी झाडली जाते त्या खोबणीत) गोळी होती. कोलोरॅडोत गाडीत चेंबर रिकामं असणं हा कायदा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्याच्या शेजारी झोपायचं त्याने न सांगता बोल्ट (चेंबर बंद करणारा खटका) उघडून दाखवावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. या बाबतीत दुसरी संधी देऊ नका.

आणखी एक गाठ पॉइंटांची. कोलोरॅडोत हरणाचे टॅग सोडतीने मिळतात आणि मुख्य सोडतीचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतो. एकत्र अर्ज केला तर ज्याचे प्रेफरन्स पॉइंट (आधीच्या सोडतींत टॅग न लागल्याने साठलेले, पुढे प्राधान्य देणारे गुण) सर्वांत कमी, त्याचेच पॉइंट साऱ्या गटाला लागू होतात. वायोमिंगमध्ये सरासरी काढतात, इथे नाही. तेव्हा सहा पॉइंट साठवलेला माणूस शून्य पॉइंटवाल्या नवख्याबरोबर अर्ज करायला नकार देतो, यात आखडूपणा नाही. त्याला विचारताना कमी मागणीचं, शून्य पॉइंटवरही लागणारं युनिट (शिकारीचा विभाग) सुचवा, नाहीतर टॅग न घेता नुसतं मदतीला येता का ते विचारा. टॅग नसलेला माणूस मांस वाहू शकतो, फक्त शिकार करू शकत नाही. मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिनमधून आलेल्या सोबत्याला हे विशेष समजावून सांगा. तिकडे गटातल्या एकाने दुसऱ्याच्या टॅगवर हरीण मारण्याची पद्धत नियमांत बसते, कोलोरॅडोत तो गुन्हा आहे.

थोडक्यात, हा सोबती शोधायचा तो आदल्या हिवाळ्यात. ऑक्टोबरात शोधायला निघालेल्याला उरलेलीच माणसं मिळतात.

पैसे देऊन

यात दोन प्रकार. गाइड दिवसभर बरोबर असतो. त्याचा खर्च काही हजार डॉलरांत जातो. ड्रॉप कॅम्पचा खर्च त्याच्या बराच खाली: आउटफिटर, म्हणजे शिकाऱ्यांची सोय करणारा व्यावसायिक, घोड्यांवरून तुम्हाला आत नेतो, मोठा तंबू आणि लाकडाची शेगडी तयार असते, ठरल्या दिवशी तो परत न्यायला येतो. मधले दिवस तुमचे तुम्ही.

दोघेही नवखे असाल, पाठीवर वजन वाहायची सवय नसेल, तर ड्रॉप कॅम्प ही मला सगळ्यात शहाणपणाची निवड वाटते. मित्राची सोबतही राहते आणि मांसाची चिंता घोड्यावर जाते. मात्र हरीण पडल्यावर घोडे किती तासांत येतील, त्याचे वेगळे पैसे पडतात का, निरोप कसा द्यायचा, हे लेखी घ्या. आउटफिटरची राज्याकडे नोंदणी असायला हवी आणि राष्ट्रीय जंगलात काम करायला वनखात्याचा परवानाही. दोन्ही मागून बघा. कॅम्पची जागा तो ठरवतो, आणि आदल्या आठवड्यात तिथे दुसरे कुणी राहून गेलेले असू शकतात, हे मनाशी धरा.

गाइडबरोबर शिकायला मिळतं, पण निर्णय सगळे त्याचे. एक हंगाम पैसे देऊन शिकायचं असेल तर ठीक. त्यातून पुढच्या वर्षासाठी सोबती मात्र मिळत नाही.

एकट्याने

एकट्याने गेलेले तीन दिवस मला आजही आठवतात, इतकी ती शांतता वेगळी होती. पण तेव्हा मी रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत होतो आणि माझा टॅग मादीचा होता, म्हणजे वजन कमी. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र हवंच. तरी ते निरोप पाठवतं, पाय मुरगळलेल्याला उचलत नाही. मदत पोचेपर्यंतची थंड रात्र तुमची तुम्हाला काढावी लागते. पहिल्या तीन हंगामांत हे करू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

नवरा किंवा बायको टॅग न घेता बरोबर येणार असेल आणि डोंगरात चालायची आवड असेल, तर फार विचार करू नका, जा. पाचशे चौरस इंचांचं झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी जाकीट आणि त्याच रंगाची टोपी रायफल हंगामात शिकाऱ्याला सक्तीची आहे. ती त्यांच्याही अंगावर चढवा.

मग निवडायचं कसं?

तुम्ही कोलोरॅडोत राहत असाल तर अनुभवी अनोळखी, उन्हाळ्यात एक मुक्काम करून पारखलेला. टेक्सास किंवा न्यू जर्सीहून येणार असाल, तर हे पारखणं जमणं अवघड; तेव्हा एक जुना मित्र आणि ड्रॉप कॅम्प. चार-पाच जणांचा गट करून स्वतःच्या पाठीवर सामान घेऊन पहिल्याच वर्षी खोल जाणं मी सुचवणार नाही, गट कितीही जिवाभावाचा असो.

आणि कुणाशीही ठरलं, तरी निघण्याआधी काही गोष्टी समोरासमोर बोलून घ्या. अंधार पडायच्या आत तंबूत परतायचं की नाही. एकाचं हरीण पहिल्या दिवशी पडलं तर तो उरलेले दिवस थांबेल का. दोघांना एकच नर दिसला तर गोळी कुणाची. दारू असेल तर रायफली रिकाम्या करून ठेवल्यानंतरच. गाडीची दुसरी किल्ली कुणाच्या खिशात. किती बर्फ पडलं की निघायचं.

मी आणि ते निवृत्त इलेक्ट्रिशियन हे दरवर्षी मार्चमध्ये, अर्ज भरायच्या आधी, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून बोलतो. त्यांचा गुडघा आता दुखतो, म्हणून यंदा पाचऐवजी तीन किलोमीटर आत आणि खेपा माझ्याकडे, असं ठरलं आहे.