हिरव्या रंगाखाली आमचंच जुनं मशीन निघालं

आमचं घर दोडामार्ग तालुक्यात, सुपारीच्या बागेत. वरच्या व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी 110 मिमी पाइपने खाली आणून त्यावर छोटं टर्बाइन चालवतो. उंची 30 मीटर, पाणी सेकंदाला 6 लिटर. पावसाळा धरून पुढे माघापर्यंत 800 वॅट मिळतात. वादळात गावची लाइट गेली तरी आईचा नेब्युलायझर यावरच चालतो.

गेल्या दिवाळीत मीटर 350 वर आला. वर पाइपच्या तोंडाला लावलेली जाळी मी रोज ब्रशने घासत होतो, म्हणून पाण्यावर संशयच गेला नाही. ओळखीतून एक मेकॅनिक आला. मल्टिमीटर लावून म्हणाला, “व्होल्टेज बघा दादा, किती पडलंय! वायंडिंग गेलं. नवा जनरेटर घ्या.” व्होल्टेज खरंच पडलं होतं. पण चाक सावकाश फिरलं की ते पडतंच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पाइपलाइन बघायला तो डोंगरावर चढलासुद्धा नाही.

आमचं मशीन तो घेऊन गेला. चार दिवसांनी ‘नवं’ आणलं, हिरवंगार. 38,000 रुपये सांगितले, जुन्याचे 4,000 वजा करून 34,000 घेतले. पैसे त्याच्या खासगी नंबरवर पाठवले. “बिल मागाहून देतो” म्हणाला, आणि मी ऐकलं.

मशीन बसलं, मीटर तिथेच. 350. “व्हाळाचं पाणीच आटलंय,” म्हणाला आणि पुढे फोन उचलायचा बंद झाला.

मग शेजारच्या गावातले एक काका आले. त्यांच्याकडे असंच टर्बाइन बरीच वर्षं आहे. “मशीन मरांदे, आदी पाणी बघ,” एवढंच बोलले आणि नोझलच्या, म्हणजे चाकावर पाणी मारणाऱ्या तोटीच्या, आधी प्रेशर गेज लावला. व्हॉल्व्ह बंद असताना काटा 3 किलोवर. 30 मीटरला तेवढाच हवा. व्हॉल्व्ह उघडल्यावर तो 2.8 च्या आसपास राहायला हवा होता, तो 1.6 वर घसरला. म्हणजे पाइपात अडथळा. उलट काटा नेहमीपेक्षा वर राहिला असता तर नोझल चोंदलेलं, आणि प्रेशर बरोबर असूनही वॅट कमी असते तरच चाक, बेअरिंग नाहीतर जनरेटर तपासायचा.

जाळी तळाच्या कोपऱ्यात फाटली होती. मी घासायचो ती वरची बाजू. तिसरा जॉइंट खोलला तर कुजलेला पाला, मुळं आणि वाळू यांचा बोळा हाताने ओढून काढावा लागला. पाणी सोडलं आणि मीटर पुन्हा 800 वर गेला.

तेव्हाच काकांचं लक्ष मशीनच्या अंगावरच्या एका पातीपाशी गेलं. तिथे लांबी (पुट्टी) भरलेली होती. पूर्वी टेम्पोतून उतरवताना आमच्या जनरेटरची तीच पाती तुटली होती. नखाने खरवडलं, खाली आमचा निळा रंग. नेमप्लेट काढून टाकलेली. काहीही न बिघडलेलं आमचंच मशीन आम्ही 34,000 ला विकत घेतलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. हातात पुरावा म्हणून फक्त यूपीआयची नोंद आणि आमच्या लग्नातला एक फोटो, ज्यात मागे निळं मशीन दिसतं. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तिथेही अर्ज करतो आहे.

मशीन दुरुस्तीला देण्याआधी नेमप्लेटचा, नंबरचा आणि चारही बाजूंचा फोटो काढून ठेवा. आणि दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात कुणी हिरवं, नेमप्लेट नसलेलं मशीन घेतलं असेल, तर रंग थोडा खरवडून बघा.