बिल्ल्यावरचा नंबर वाचला, कान वाचायचा राहिला

आमच्या घरी तीन पिढ्या म्हशी आहेत आणि कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी समोर पिळून धारोष्ण दूध घालण्याचा आमचा परिपाठ आहे. गिऱ्हाईक पेला घेऊन समोर उभे असते, त्यामुळे म्हशीचा खोटेपणा तिथे एक दिवसही लपत नाही. असे असूनही गेल्या वर्षी जवळच्या एका आठवडी बाजारात मी १,२०,००० रुपयांना फसलो, आणि तेही कानातल्या सरकारी बिल्ल्यावर विसंबून. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

व्यापाऱ्याने म्हैस दुसऱ्या वेताची मुऱ्हा म्हणून सांगितली. तिच्या कानात पिवळा बिल्ला होता आणि त्यावर बारा आकडी क्रमांक होता. व्यापाऱ्याने त्याच क्रमांकाची नोंद मोबाइलवर उघडून दाखवली. जात मुऱ्हा, वेत दुसरे, लाळ्या-खुरकूतची लस दिलेली, असे सगळे तिथे होते. "पावणं, सरकारी बिल्ला हाय, ह्याच्यापरीस पक्का पुरावा कुठला?" असे तो म्हणाला आणि मला ते पटले. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, त्यामुळे बिल्ला आहे म्हणजे व्यवहार सरळ आहे, असे मी गृहीत धरले. क्रमांकाचा एकेक आकडा मी ताडून पाहिला, पण तो ज्या कानात अडकवला होता तो कान हातात धरून पाहिला नाही.

म्हैस घरी आल्यावर चौथ्या दिवसापासून दूध उतरू लागले, आणि पंधरवड्यात दोन्ही वेळचे मिळून सहा लिटरांवर आले. चुलते आले, त्यांनी प्रथम तिचा कान उलटा केला आणि मला जवळ बोलावले. बिल्ल्याच्या भोकाची कड ओलसर होती आणि तिच्यावर खपली धरलेली होती. त्याच्या बोटभर खाली दुसरे भोक होते, जुने, कोरडे, कडा गोल झालेले, ज्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. बिल्ल्याची मागची खिळी टोकाशी वितळवून पुन्हा चिकटवलेली होती आणि तिथले प्लॅस्टिक चकाकत होते. हा बिल्ला दोन भागांचा असतो आणि एकदा बसला की तोडल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे वितळलेली खिळी दिसली की तो दुसऱ्या कोणाच्या तरी कानातून आला आहे, हे तिथेच समजायला हवे होते.

मग त्यांनी मांडीवरचा डाग दाखवला. तो डाग मी बाजारातच पाहिला होता, पण पाय लचकला म्हणून डागले, असे व्यापाऱ्याने सांगितले होते आणि आपल्याकडे जनावराला दुखण्यावर डागण्या देतात, म्हणून मी पुढे विचारले नाही. खरे तर दुखण्याची डागणी आणि मालकीची खूण यांत फरक असतो. दुखण्याची डागणी दुखऱ्या जागीच, सांध्यावर किंवा बरगडीवर, साध्या रेघेची किंवा गोलाची असते. मालकीची खूण मात्र लांबून दिसावी अशा सपाट जागी असते आणि तिला अक्षराचा, आकड्याचा किंवा चिन्हाचा आकार असतो. तापल्या लोखंडाने दिलेल्या खुणेवर पुन्हा केस येत नाहीत आणि जनावर वाढते तशी ती खूणही पसरते. द्रव नायट्रोजनने गोठवून दिलेल्या खुणेवर मात्र पांढरे केस उगवतात. आमच्या म्हशीच्या मांडीवर रुंद, पसरलेल्या, राखाडी कडेचा आकडा होता आणि त्यावर अरुंद, गुलाबीसर आडव्या रेघा ओढलेल्या होत्या. एकाच खुणेत दोन वयांच्या रेघा दिसल्या तर खालची खूण कोणीतरी झाकली आहे, असे समजावे. ही म्हैस कुठल्या तरी मोठ्या गोठ्यातून बाद झालेली असावी, असे चुलत्यांचे मत पडले आणि मलाही तसेच वाटते.

शिंगांवर तेल चोपडलेले होते. ते पुसल्यावर कानशीचे बारीक ओरखडे दिसले. वय मोजता येऊ नये म्हणून शिंगांची वलये घासून काढली होती. दात तर पूर्ण जुळून झिजलेले होते, ते मला का दिसले नाहीत, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

पुढे पशुवैद्यकीय डॉक्टरांनी 'भारत पशुधन' या जनावरांच्या सरकारी नोंदींच्या प्रणालीत क्रमांक टाकला, तेव्हा नोंद दुसऱ्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची निघाली. त्यांना फोन केला. त्यांची म्हैस वर्षापूर्वीच दगावली होती, आणि तिच्या बिल्ल्याचे पुढे काय झाले हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मृत्यूची नोंद कोणी केलीच नव्हती, म्हणून कागदावर ती म्हैस जिवंत राहिली आणि तिच्या नावावर माझ्या दावणीला दुसरी आली. जनावर मेले की बिल्ला तोडून नष्ट करावा आणि दवाखान्यात तशी नोंद करवून घ्यावी, ही विनंती मी येथे मनापासून करतो. विमा उतरवताना मला आणखी एक गोष्ट समजली: बिल्ला नाही तर दावा नाही, हा विम्याचा नियमच आहे, आणि खोट्या बिल्ल्यावर उतरवलेला विमा वेळेला उभा राहत नाही.

बाजाराच्या पावतीवर फक्त "म्हैस, काळी, एक" एवढेच लिहिलेले होते. त्यावर बिल्ल्याचा क्रमांक नव्हता, मांडीच्या खुणेचे वर्णन नव्हते. पोलीस ठाण्यात मी ती पावती पुढे केली तेव्हा ती कुठल्या म्हशीची, हेच सिद्ध करता येईना, आणि व्यापाऱ्याचा मोबाइल तोवर बंद झाला होता. आता मी पावतीवर बारा आकडे, शिंगांची ठेवण आणि प्रत्येक डाग लिहून घेतो, नोंद माझ्या स्वतःच्या मोबाइलवर उघडतो, आणि मालकी माझ्या नावावर चढल्याशिवाय विसारापलीकडे पैसे देत नाही. एका विक्रेत्याने याला नकार दिला, त्याची म्हैस मी सोडून आलो.

ती म्हैस अजून आमच्याकडेच आहे. अशी म्हैस पुढच्याच्या गळ्यात बांधणे मला जमले नाही. त्या दगावलेल्या म्हशीची नोंद मयत म्हणून बंद झाली, आणि आमच्या म्हशीच्या कानात, त्या दोन भोकांच्या वरच्या बाजूला, तिच्या स्वतःच्या क्रमांकाचा बिल्ला डॉक्टरांनी बसवला आहे.