हिपस्टरांची म्हणून हिणवलेली सायकल

फिक्स्ड गिअर, म्हणजे चाकासोबत पायडल सतत फिरत राहणाऱ्या सायकलीचे परीक्षण दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिले असते, तर वाचकांच्या डोळ्यांसमोर आधी दाढी, जाड काड्यांचा चष्मा आणि घोट्यावर दुमडलेली पँट, म्हणजेच वेगळेपणा मिरवणारा शहरी तरुण ‘हिपस्टर’, आला असता आणि सायकल त्यानंतर. 2013 साली ‘पब्लिक पॉलिसी पोलिंग’ या संस्थेने अमेरिकी मतदारांना हिपस्टरांविषयी विचारले, तेव्हा 42 टक्के लोकांनी प्रतिकूल मत दिले आणि अनुकूल मत देणारे अवघे 16 टक्के निघाले. त्या नावडीची झळ या सायकलीलाही लागली. पुढे दाढी, टॅटू आणि एलपी रेकॉर्ड सगळ्यांच्याच झाल्या, चिडवण्यासाठी वेगळा असा कोणी उरला नाही आणि तो राग बराचसा निवळला. त्यामुळे ही सायकल आता सायकल म्हणून पारखता येते, आणि तशी पारखली तर ती नुसती मिरवण्याची वस्तू नाही, असे माझे ठाम मत आहे.

मुळात ही वेलोड्रोमवरच्या, म्हणजे सायकल शर्यतींसाठी बांधलेल्या गोलाकार धावपट्टीवरच्या, शर्यतींची सायकल. न्यूयॉर्कमध्ये टपाल आणि पाकिटे पोचवणाऱ्या सायकलस्वारांनी ती रहदारीत आणली. त्या व्यवसायातून आलेल्या नेल्सन व्हेल्स यांनी 1984 च्या ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट शर्यतीत रौप्यपदक मिळवले. न्यूयॉर्कमधल्या विल्यम्सबर्ग या हिपस्टरांच्या वस्तीतल्या हौशी तरुणांच्या आधी पोटासाठी ही सायकल चालवणारी माणसे होती, याचा टिंगल करणाऱ्यांना विसर पडला होता.

हिच्या मागच्या चाकात फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग, नसतो. चाक फिरते तोवर पायडल फिरत राहतात, म्हणून उतारावरही पाय थांबवता येत नाहीत आणि अंगावर येणाऱ्या वळणावर आतले पायडल रस्त्याला घासण्याची भीती असते. सवय होईपर्यंत हे जाचते. मात्र एकदा पाय रुळले की वेग वाढवणे आणि आवरणे ही दोन्ही कामे पायांनीच इतकी नेमकी साधतात, की गिअरच्या सायकलीवर परत बसल्यावर काहीतरी सुटल्यासारखे वाटते. पुढच्या चक्राला 46 आणि मागच्याला 16 दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 6 मीटर जाते; सपाट शहरासाठी हे प्रमाण उत्तम, चढावर मात्र ते दमवते. दात्यांचा हिशेब टायरसाठीही महत्त्वाचा आहे. मागचे चाक पायांनी रोखून घसरवत थांबणाऱ्याने नेहमी तोच पाय पुढे ठेवला, तर 48 आणि 16 दात्यांच्या जोडीत टायर एकाच जागी झिजतो, तर 46 आणि 16 मध्ये तीच झीज 8 जागी विभागली जाते. विकत घेताना हे सहसा कोणी सांगत नाही. चेनचा ताण मात्र वरचेवर पाहावा, कारण सैल चेन उतरून अडकली तर मागचे चाक जागीच जाम होते.

हिपस्टरांवरचा एक आक्षेप आजही तितकाच खरा आहे: ब्रेक काढून टाकण्याची फॅशन धोकादायकच होती. ओरेगनमधील पोर्टलँडच्या न्यायालयात 2006 साली हा प्रश्न आला, तेव्हा चालकाचे पाय म्हणजे ब्रेक नव्हे, असाच निर्णय झाला, आणि तो योग्य होता. रागाचे दुसरे कारण भाड्यांचे होते. विल्यम्सबर्गमध्ये 2005 च्या नव्या बांधकाम नियमांनंतर उंच इमारती उभ्या राहिल्या आणि जुने रहिवासी बाहेर ढकलले गेले. ती तक्रार रास्त होती, पण तिचे उत्तर नगररचनेत शोधायला हवे होते, कोणाच्या सायकलीत नव्हे.

घ्यायची असेल, तर पुढच्या चाकाला ब्रेक असलेली आणि मागच्या चाकाच्या एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसवता येईल असा हब (चाकाचा मधला भाग) असलेलीच घ्यावी. चाक उलटून बसवले की साध्या सायकलीसारखी चालते. मात्र फ्रीव्हील वापरताना मागच्या चाकालाही ब्रेक बसवून घ्यावा.