चिप उघडायची की आयातीचे आकडे चाळायचे? चीनची सेमीकंडक्टर ताकद जोखण्याच्या दोन वाटा

चीन किती पुढच्या पिढीच्या चिप बनवू शकतो, यावर अमेरिकेचं सरकार गेली काही वर्षं डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून आहे. या विषयावर अभ्यास किंवा नोकरी करू पाहणाऱ्याला लवकरच ठरवावं लागतं, की तयार चिप उघडून तपासणारी वाट धरायची, की कारखान्यांत जाणाऱ्या यंत्रांचा माग काढणारी. सरकारं दोन्ही वापरतात. दोन्ही शिकायला वेळ लागतो, म्हणून आधी कोणती हा प्रश्न खरा आहे.

चिप उघडण्याचा दबदबा मोठा आहे, आणि तो कमावलेला आहे. 29 ऑगस्ट 2023 रोजी, अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमंडो चीनमध्येच असताना, हुआवेने मेट 60 प्रो हा फोन विक्रीला काढला. आतल्या चिपबद्दल कंपनीने चकार शब्द काढला नाही. कॅनडातल्या ओटावा इथल्या टेकइनसाइट्स या चिप तपासणाऱ्या कंपनीने तो फोन उघडला. अशा तपासणीत चिपचं आवरण ॲसिडने काढतात, सिलिकॉनचा तुकडा मोकळा करतात, एकेक थर घासत जातात आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तारांमधलं आणि ट्रान्झिस्टरमधलं अंतर मोजतात. ‘7 नॅनोमीटर’ हे आता पिढीचं नाव झालंय (आकडा जितका लहान, तितकी पिढी नवी), चिपमधल्या एखाद्या ठरावीक भागाचं माप नव्हे. त्यामुळे कंपनीच्या दाव्यापेक्षा हे मोजमाप महत्त्वाचं. निष्कर्ष निघाला, की किरिन 9000एस ही चिप शांघायच्या एसएमआयसी या चिप बनवणाऱ्या कंपनीने 7 नॅनोमीटर पिढीच्या तंत्राने बनवली आहे. तीही ईयूव्ही यंत्राशिवाय, म्हणजे फार लहान तरंगलांबीच्या प्रकाशाने बारीक नक्षी छापणाऱ्या यंत्राशिवाय, कारण ते चीनला विकलंच गेलेलं नाही. म्हणजे 193 नॅनोमीटर तरंगलांबीच्या जुन्या प्रकाशानेच एकेका थरावर पुन्हा पुन्हा काम केलेलं.

हीच तपासणी खोटी भीतीही उतरवते. त्याच वर्षाअखेरीस हुआवेच्या एका लॅपटॉपमध्ये 5 नॅनोमीटरची चिप दिसली आणि चीनने आणखी एक पायरी गाठली अशी चर्चा सुरू झाली. उघडून पाहिल्यावर कळलं, ती तैवानच्या टीएसएमसीने 2020 च्या सुमारास बनवलेली, साठ्यातली चिप होती. 2024 मध्ये हुआवेच्या एआय प्रोसेसरमध्येही टीएसएमसीचंच सिलिकॉन सापडलं. इथे प्रश्न क्षमतेचा राहिलाच नाही, माल अमेरिकेचे विक्रीवरचे निर्बंध चुकवून पोहोचला कसा याचा झाला. असं उत्तर दुसरी कोणतीही पद्धत देत नाही.

पण शितावरून भाताची परीक्षा होते, पातेल्यात भात किती ते कळत नाही. जुलै 2022 मध्येच, म्हणजे मेट 60 प्रोच्या वर्षभर आधी, बिटकॉइन मायनिंगच्या एका चिपमध्ये एसएमआयसीचं 7 नॅनोमीटर तंत्र सापडलं होतं. पुरावा हातात होता. अंदाज नव्हता तो संख्येचा. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे रायमंडो म्हणाल्या, की चीन अशा चिप मोठ्या प्रमाणावर बनवू शकतो याचा पुरावा आमच्याकडे नाही. निर्बंध कितपत लागू पडले हे ठरतं ते याच ‘मोठ्या प्रमाणावर’वर.

तिथे यंत्रांचा माग कामाला येतो. चीनचं कस्टम्स खातं दरमहा आकडे जाहीर करतं, आणि चिप बनवण्याच्या यंत्रांचा कोड 8486. त्यातली नेदरलँड्सहून येणारी लिथोग्राफी यंत्रं, म्हणजे प्रकाशाने सिलिकॉनवर नक्षी छापणारी यंत्रं, वेगळी काढायची. नोव्हेंबर 2023 मध्ये अशी 16 यंत्रं आली, किंमत सुमारे 76 कोटी डॉलर. भागाकार केला की एका यंत्राला साधारण पावणेपाच कोटी. साधी, जुनी यंत्रं इतकी महाग नसतात, म्हणजे खेपेत वरच्या दर्जाची इमर्शन यंत्रं (भिंगाखाली पाणी ठेवून अधिक बारीक नक्षी छापणारी) भरपूर होती. डच सरकारच्या निर्यात परवान्याची अट सप्टेंबरपासून लागू झाली होती आणि आधीच्या परवान्यांवर वर्षअखेरपर्यंतच माल पाठवता येणार होता, त्यामुळे ही घाई. ही यंत्रं बनवणाऱ्या एएसएमएल या डच कंपनीच्या हिशेबातही तेच दिसतं: यंत्रविक्रीतला चीनचा वाटा 2022 मध्ये 14 टक्के, 2023 मध्ये 29, आणि 2024 च्या पहिल्या तिमाहीत 49.

उणिवा इथेही आहेत. आलेलं यंत्र मेमरीसाठी लागलं की प्रोसेसरसाठी, की गोदामात पडून आहे, हे आकडे सांगत नाहीत. नौरा, एएमईसी यांसारख्या चिनी कंपन्यांची यंत्रं आयातीत दिसत नाहीत, आणि त्यांचा वापर वाढतोय. शंभरातल्या किती चिप चांगल्या निघतात, हे तर दोन्ही वाटांना थेट कळत नाही.

उपग्रह छायाचित्रं पूरक म्हणून ठेवा. शेन्झेनच्या ग्वानलान भागात चिपचे कारखाने उभे राहताना ती उपयोगी पडली, पण छपराखालचं दिसत नाही. प्रत्यक्ष पाहणीला चीनच्या वाणिज्य मंत्रालयाची परवानगी लागते, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मायक्रोस्कोप हाताशी असेल आणि पदार्थविज्ञानात गोडी असेल, तर चिप उघडायला शिका. तसे लोक फार थोडे आहेत. बाकी सगळ्यांनी यंत्रांपासून सुरुवात करावी. भारतातून पाहणाऱ्यांना तर हेच जास्त गरजेचं. गुजरातमधल्या धोलेऱ्यात टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा कारखाना 28 नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या पिढ्यांसाठी उभा राहतोय. तिथली स्पर्धा नव्या फोनमधल्या चिपशी नाही, चीन त्या जुन्या पिढ्यांमध्ये किती क्षमता ओततोय याच्याशी आहे. 8486 चे 2019 पासूनचे मासिक आकडे देशवार उतरवून घ्या, तीन-तीन महिन्यांची सरासरी काढा आणि प्रत्येक उसळीशेजारी त्या काळातल्या निर्बंधाची तारीख लिहा.