लढाई आणि भूमिका: दहा महिन्यांच्या खेळानंतर

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून आणि पात्रांच्या भूमिका घेऊन एकत्र कथा रचण्याचा खेळ. त्याची 2014 साली आलेली पाचवी आवृत्ती आम्ही दहा महिने, दर पंधरवड्याला एकदा, खेळत आहोत. खेळाडू चार आणि संचालक, म्हणजे कथा चालवणारा व शत्रूंसह बाकी सगळी पात्रे खेळणारा, मी. नियम शिकायला फारसा वेळ लागला नाही. लढाई आणि भूमिका यांचा मेळ बसायला मात्र सहा महिने गेले.

1974 साली हा खेळ युद्धखेळांच्या परंपरेतून जन्मला आणि नियमांचा भर आजही लढाईवरच आहे. लढाईतली एक फेरी कथेत सहा सेकंदांची असते, पण आमच्याकडे ती वीस मिनिटे चाले आणि चार तासांच्या बैठकीत बोलण्यासारखे काही उरत नसे. मी लढाया कमी करून पाहिल्या, तर खेळाचीच घडी विस्कटली. दोन दीर्घ विश्रांतींच्या (म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या, जिच्यानंतर खर्चलेले मंत्र आणि ताकद परत मिळते) मध्ये सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी होतील, हे या नियमांनी गृहीत धरले आहे. दिवसात एकच चकमक ठेवली की जादूगार आपले सगळे मंत्र तिथेच खर्च करतो आणि तासाभराच्या अल्प विश्रांतीवर ताकद भरून काढणारा योद्धा त्याच्यापुढे फिका पडतो. अखेर कथेतला एक दिवस तीन-तीन बैठकांवर पसरू दिला आणि दीर्घ विश्रांती फक्त सुरक्षित ठिकाणीच मिळेल असे ठरवले, तेव्हा हे थांबले.

खरा फरक पडला तो जुन्या आवृत्तीतल्या मनोधैर्याच्या नियमाने. 1981 च्या बेसिक नियमांत पहिला मृत्यू झाल्यावर आणि निम्मे शत्रू पडल्यावर संचालक दोन फासे टाकतो. बेरीज त्या शत्रूंसाठी नियमांत दिलेल्या मनोधैर्याच्या अंकापेक्षा जास्त आली, तर शत्रू पळतात किंवा शरण येतात. हा नियम आणल्यावरच्या पहिल्याच लढाईत पुलावरच्या पाच लुटारूंपैकी तिसरा पडला, फाशांवर दहा आले आणि उरलेल्यांतल्या एकाने भाला टाकून जखमी भावाला पाठीशी घातले. आमच्या योद्ध्याचा खेळाडू फासा हातात धरून तसाच थांबला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "तुझ्या भावाला उचल, आणि तुम्हाला इथे कोणी बसवलं ते सांग." पुढची पाऊण तास चाललेली घासाघीस कोणीही आखलेली नव्हती. लढाईतच निर्णयाला जागा मिळाली की भूमिकेसाठी वेगळा वेळ राखावा लागत नाही, हे मला त्या दिवशी पटले.

त्यानंतर शत्रू मारल्याचे अनुभवगुण, जे साठले की पात्राची पातळी म्हणजे ताकद वाढते, बंद केले आणि कथेतले टप्पे गाठल्यावरच पातळी वाढवू लागलो. मारण्यात वेगळा लाभ उरला नाही, तसे खेळाडू वाटाघाटीकडे आपोआप वळले.

संवादात फासे कधी टाकावेत, हा प्रश्न अधिक नाजूक होता. आमच्यातली एक खेळाडू मितभाषी आहे, पण तिचे पात्र वाक्चतुर. तिने सुरेख भाषण करावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरले असते. योद्ध्याच्या खेळाडूला आपण तलवार कुठे चालवून दाखवायला सांगतो? त्यामुळे आता समोरच्याला नेमके काय हवे आहे आणि आपण काय देऊ करतो, एवढेच ती सांगते. त्यावरून मी काठिण्य, म्हणजे यशासाठी फाशावर किती यायला हवे ते, ठरवतो, देऊ केलेली गोष्ट समोरच्याच्या मनातली असेल तर दोन फासे टाकून मोठा अंक घ्यायला देतो आणि आलेल्या निकालाप्रमाणे आम्ही दोघे तो प्रसंग वठवतो. गेल्या चार बैठकांत सर्वांत जास्त संवाद तिनेच साधले आहेत.

नवव्या पातळीवर लढाया पुन्हा लांबू लागल्या आहेत, कारण प्रत्येकाकडे पर्याय वाढले आहेत. त्यावर सध्या एवढाच उपाय केला आहे, की शेजाऱ्याची पाळी सुरू होताच आपली कृती ठरवून ठेवायची आणि लढताना पात्राने सहा सेकंदांत मावेल तेवढेच बोलायचे.