पोर्ट्रेट आणि मॅक्रो एकाच लेन्सवर: ८५, ६० की १००?

'पोर्ट्रेटलाही चालेल आणि मॅक्रोलाही', म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून टिपायलाही, अशी लेन्स मागितली की काउंटरवर बहुधा तीन पर्याय येतात: ८५ एमएम एफ/१.८ आणि जोडीला एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी), ६० एमएम मॅक्रो, नाहीतर ९० ते १०५ एमएममधली मॅक्रो. (एमएम म्हणजे फोकल लेंथ; एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं ॲपर्चर, म्हणजे प्रकाशाचं छिद्र, मोठं.) दोन्ही कामं तिघीही करतात, पण प्रत्येकीचं घोडं वेगळ्या ठिकाणी अडतं. म्हणून लेन्स बघण्याआधी एक ठरवा: जवळून जे टिपायचंय ते केवढं आहे?

साखरपुड्याची अंगठी दोन-अडीच सेंटिमीटरची. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे १:२ वर (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराच्या निम्मी उमटते तेव्हा) फ्रेममध्ये ७२ बाय ४८ मिलिमीटर जागा येते. त्यात अंगठी साधारण निम्मी उंची घेते आणि कडेला मेंदीची बोटंही बसतात. लग्नाच्या कामाला एवढं पुष्कळ. आपलं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी पंख पसरून १२ ते १५ सेंटिमीटर भरते, तिला १:४ सुद्धा पुरतं. पण कास पठारावरच्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या एकेका केसावरचा चिकट थेंब हवा असेल, तर १:१ शिवाय भागत नाही.

आता ८५ एफ/१.८. या लेन्स सहसा ८० सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाहीत आणि वस्तू जेमतेम ०.१३ पट दिसते. ट्यूबने किती फरक पडतो याचा हिशोब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंथ. २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की ०.२९ ची भर पडते, एकूण ०.४२. अंगठीचं काम झालं. मात्र ट्यूब असेपर्यंत लेन्सपासून अंदाजे २९ ते ३७ सेंटिमीटरच्या पट्ट्यातच फोकस मिळतो. अंगठी टिपून मान वर केली आणि नवरीचा चेहरा हवा असला, की आधी ट्यूब काढा. पावसात किंवा धुळीत हे दहादा करायचं म्हणजे सेन्सर साफ करायची पाळी आलीच. स्वस्तातली, आत कॉन्टॅक्ट नसलेली ट्यूब तर घेऊच नका. तिच्यावर ऑटोफोकस जातो आणि बॉडीवरून ॲपर्चरही बदलता येत नाही.

पोर्ट्रेटमध्ये मात्र ८५ पुढे आहे. चेहरा फ्रेममध्ये सारखाच ठेवला, तर एफ/१.८ वर लांबचं बॅकग्राउंड १०० एमएम एफ/२.८ पेक्षा सुमारे तीस टक्के जास्त विरघळतं. प्रकाशही जवळपास अडीचपट मिळतो, संध्याकाळच्या हॉलमध्ये हा फरक मोठा आहे. उलट, दोन मीटरवर एफ/१.८ ची फोकसची खोली (स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी) जेमतेम सहा सेंटिमीटर असते. मान तिरकी असली की एक डोळा धारदार आणि दुसरा मऊ. त्यामुळे बरेच जण शेवटी एफ/२.८ वरच येतात, आणि तिथे मॅक्रो लेन्स काही मागे नाही.

मॅक्रो लेन्सने चेहऱ्यावरचे डाग फार दिसतात, ही तक्रार आम्हाला अर्धीच पटते. डाग उठून दिसतात ते बाजूने येणाऱ्या कडक प्रकाशामुळे.

क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, गणित बदलतं. कॅननच्या क्रॉप बॉडीवर उभ्या फ्रेममध्ये डोक्यापासून छातीपर्यंत साठ सेंटिमीटर बसवायला १०० एमएमला पावणेतीन मीटर मागे जावं लागतं. पूर्ण उभ्या माणसासाठी नऊ मीटर! दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला लागते. ६० एमएमला छातीपर्यंतच्या फोटोसाठी पावणेदोन मीटर पुरतात, म्हणून क्रॉपवर घरातली पोर्ट्रेट जास्त असतील तर ६० च घ्या. तिची अडचण कीटकांपाशी येते. लेन्सवर लिहिलेलं किमान अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, काचेपासून नव्हे. १:१ वर ६० एमएमच्या काचेपुढे लेन्सनुसार पाच ते दहा सेंटिमीटरच उरतात. चतुर उडून जातो, नाहीतर लेन्सचीच सावली त्याच्यावर पडते. १०० एमएमला तेरा-चौदा सेंटिमीटर मिळतात, फ्लॅशचा उजेड आत शिरायला तेवढी जागा लागतेच.

फुल फ्रेमवर म्हणूनच ९० ते १०५ घ्यावी. सोनी ९० जी, निकॉन झेड १०५, कॅननच्या दोन्ही १०० एल (जुनी ईएफ आणि नवी आरएफ), सिग्मा १०५ आर्ट, टॅमरॉन ९०: काचेत कुणीच कमी नाही, फरक बाकीच्या गोष्टींत आहे. सिग्माच्या १०५ आर्टमध्ये स्टॅबिलायझर (हात हलल्याची भरपाई करणारी यंत्रणा) नाही. कॅनन आरएफ १०० एल १.४ पटीपर्यंत जाते, पण तिच्यावर बोके (फोकसबाहेरच्या भागाचा पोत) बदलणारी एक रिंग आहे. ती चुकून फिरली की फोटो मऊ येतात आणि माणूस ऑटोफोकसला शिव्या घालत बसतो. रिंगचं लॉक लावून ठेवा. लग्नाचंच काम असेल तर कॅननची आरएफ ८५ एफ/२ मॅक्रो बघा: १:२, वजन ५०० ग्रॅम. फोकस होताना तिची नळी पुढे येते आणि मोटर संथ आहे, धावत्या पोरांसाठी ती नाही.

स्टॅबिलायझरवर फार भिस्त ठेवू नका. कॅननच्या जुन्या ईएफ १०० एलमध्ये तो लांबच्या विषयाला चार स्टॉप देतो (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं), १:१ वर दोनच. शिवाय शरीर पुढेमागे झुलतं ते त्याला आवरत नाही. एफ/८ वर १:१ ला खोली असते साधारण एक मिलिमीटर. एफ/१६ केलं तर ती दोन होते, पण डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच धूसर होतं. एफ/८ ते ११, डिफ्यूजर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लावलेला फ्लॅश आणि सलग पाच-सात फ्रेम, असं करून बघा. निकॉनवर जवळ जाताना एफ/२.८ चा आकडा आपोआप वाढतो. तो बिघाड नव्हे, लेन्स खरोखरच तेवढा प्रकाश गमावते. पोर्ट्रेट काढताना लेन्सवरचा लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) लांबच्या पट्ट्यावर सरकवा, नाहीतर फोकस एकदा हुकला की लेन्स सगळी रेंज फिरून येते.

वापरलेली लेन्स घेताना खिशात स्टीलची पट्टी न्या. मॅन्युअल फोकस सर्वांत जवळ ठेवा, पट्टी स्पष्ट होईपर्यंत पुढेमागे व्हा आणि आडवा फोटो घ्या. फुल फ्रेमवर ३६ मिलिमीटर दिसले तर १:१, ७२ दिसले तर १:२. शंभराच्या पुढे दिसले, तर नळीवरचा 'मॅक्रो' हा शब्द नुसता शोभेचा.